केरळच्या सेवाव्यवसायांचे मोजमाप

कुट्टनाडच्या शेतकऱ्याला यंदा किती भात पिकले असे विचारले, तर तो पोत्यांची संख्या सांगतो. उद्योगमंडल येथील खताच्या कारखान्यात हाच प्रश्न केला, तर तेथील हिशेबनीस किती टन माल बाहेर पडला याचा आकडा पुढे ठेवतो. परंतु तिरुवनंतपुरमच्या शासकीय शाळेतील शिक्षिकेला, त्रिशूरच्या सराफाला, कोचीच्या रुग्णालयातील परिचारिकेला किंवा अलप्पुळाच्या नौकामालकाला 'आपण वर्षभरात किती उत्पादन केले?' असे विचारल्यास त्यांपैकी एकालाही सरळ उत्तर देता यावयाचे नाही. त्यांचे काम पोत्यात भरता येत नाही, तराजूत घालता येत नाही, कोठारात साठवूनही ठेवता येत नाही. ते ज्या क्षणी केले जाते त्याच क्षणी वापरले जाते. अशा कामाला अर्थशास्त्रात 'सेवा' ही संज्ञा आहे.

केरळ हे राज्य या विवेचनासाठी निवडण्याचे कारण असे की, तेथील एकूण मूल्यवर्धनापैकी साठ टक्क्यांहून अधिक भाग अलीकडच्या वर्षांत सेवांमधून आलेला आहे. शेती, मासेमारी व तत्सम व्यवसायांचा वाटा एकदशांशाच्या आसपास उरला आहे. म्हणजे या राज्याचे उत्पन्न सांगताना आपण मुख्यतः न दिसणाऱ्या व न वजन करता येणाऱ्या गोष्टींचीच बेरीज सांगत असतो. ती बेरीज कशी होते, तिच्यातील कोणता भाग खरोखर मोजलेला असतो आणि कोणता केवळ वाटून दिलेला असतो, हे पाहण्याचा या पुस्तिकेचा उद्देश आहे.

ही केवळ विद्वानांच्या कुतूहलाची बाब नाही. केंद्र सरकारने गोळा केलेल्या करांपैकी राज्यांना किती द्यावयाचे व ते राज्याराज्यांत कसे वाटावयाचे, हे दर पाच वर्षांनी नेमला जाणारा वित्त आयोग ठरवितो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी विभाज्य करांतील ४१ टक्के रक्कम राज्यांना दिली, आणि तिच्या वाटपाच्या कसोट्यांत सर्वांत अधिक भार, म्हणजे ४५ टक्के, 'उत्पन्नातील अंतर' या कसोटीला दिला. ज्या राज्याचे दरडोई उत्पन्न अधिक, त्याला या कसोटीवर कमी. विभाज्य रक्कम दहा लाख कोटी रुपये आहे असे क्षणभर धरले, तर राज्यांच्या वाट्याला ४ लाख १० हजार कोटी येतात, आणि त्यात एक दशांश टक्क्याचा फरक पडला तरी तो ४१० कोटी रुपयांचा होतो. एवढ्या रकमेत कितीतरी शाळांच्या इमारती उभ्या राहू शकतात. दुसरीकडे, राज्याने किती कर्ज काढावे याची मर्यादाही त्याच्या उत्पन्नाच्या टक्केवारीतच ठरविली जाते. तेथे मात्र उत्पन्न मोठे दिसणे राज्याच्या पथ्यावर पडते. एकच आकडा एका दाराने राज्याच्या तिजोरीतून काढून घेतो व दुसऱ्या दाराने तिला उसनवारीची मुभा देतो.

सेवा उत्पन्नात धरावी काय?

आज हा प्रश्न विचित्र वाटेल; पण दीडदोनशे वर्षे तो मोठ्या हिरिरीने लढविला गेला. ॲडम स्मिथ याने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात घरगुती नोकरांबरोबरच राजा, वकील, वैद्य व नट यांच्याही श्रमाची गणना अनुत्पादक श्रमांत केली होती. त्याचे म्हणणे असे की, ज्या श्रमातून टिकाऊ व पुन्हा विकता येणारी वस्तू निर्माण होत नाही, तो श्रम राष्ट्राच्या संपत्तीत भर घालीत नाही. दादाभाई नौरोजी यांनी १८६७-६८ या वर्षासाठी ब्रिटिश हिंदुस्थानच्या उत्पन्नाचा जो अंदाज केला, त्यातही शेतमाल, खाणी, मीठ व कारागिरीच्या वस्तू एवढ्यांचाच समावेश होता. दरडोई सुमारे वीस रुपये हा त्यांचा प्रसिद्ध आकडा केवळ भौतिक उत्पादनाचा आहे. दादाभाईंना दाखवावयाचे होते ते हे की, इतक्या उत्पादनात माणसाचे पोटही भरत नाही. आणि त्या कामासाठी धान्याचा व कापडाचा हिशेबच अधिक बोलका होता. सोव्हिएत रशियानेही आपल्या राष्ट्रीय हिशेबातून शिक्षण, आरोग्य व प्रशासन यांसारख्या सेवा दीर्घकाळ वगळल्या होत्या, आणि चीनने त्या पद्धतीचा पूर्ण त्याग १९९३ साली केला.

स्वतंत्र भारताने हा मार्ग पत्करला नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. तिचे अन्य दोन सदस्य म्हणजे पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव. या समितीने १९५४ सालच्या आपल्या अंतिम अहवालापर्यंत जी पद्धत बसविली तिच्यात सेवांना पूर्ण स्थान होते. मात्र सेवांचे उत्पादन मोजण्यास आकडे नव्हते. म्हणून समितीने त्या व्यवसायांत किती माणसे काम करतात याचा अंदाज जनगणनेवरून बांधला, आणि त्या संख्येला प्रत्येकाच्या सरासरी उत्पन्नाने गुणले. धोबी, न्हावी, वकील, वैद्य या सर्वांचे उत्पादन त्यांच्या मिळकतीवरून ताडले गेले. सत्तर वर्षांनंतरही असंघटित सेवांच्या बाबतीत आपण मूलतः याच गुणाकारावर विसंबून आहोत.

विक्री म्हणजे उत्पादन नव्हे

आता प्रत्यक्ष मापनाकडे वळू. कोट्टयममधील एका चहाच्या दुकानाची दिवसाची विक्री चार हजार रुपये आहे असे समजा. त्यासाठी दूध, साखर, चहा, भज्यांसाठी केळी, तेल व इंधन यांवर बावीसशे रुपये खर्च झाले आणि जागेच्या भाड्यापोटी दिवसाला तीनशे पडले. दूध हे गवळ्याचे उत्पादन आहे, चहा मळेवाल्याचे, जागा घरमालकाची; त्यांच्या त्यांच्या नावावर ते एकदा मोजले गेलेलेच आहे. ते वजा केल्यावर जे पंधराशे रुपये उरतात तेवढेच या दुकानाने निर्माण केले. त्यांतील सहाशे पोऱ्याची मजुरी व नऊशे मालकाची मिळकत. या शेषाला 'मूल्यवर्धन' म्हणतात. राज्यातील सर्व व्यवसायांच्या मूल्यवर्धनाची बेरीज करून त्यात वस्तूंवरील करांची व अनुदानांची योग्य ती वजाबाकी-मिळवणी केली, की राज्याचे सकल उत्पन्न हाती येते.

व्यापाराच्या बाबतीत हा भेद विसरला की मोठा घोटाळा होतो. त्रिशूर हे सोन्याच्या व्यापाराचे प्रसिद्ध केंद्र आहे. तेथील एखाद्या पेढीने वर्षात एक कोटीचे दागिने विकले व ते सोने तिला ब्याण्णव लाखांना पडले, तर पेढीचे उत्पादन एक कोटी नव्हे. आठ लाखांच्या फरकातून वीज, भाडे, वाहतूक वगैरे खर्च गेल्यावर जे उरेल ते. पुढील वर्षी सोन्याचा भाव वाढला आणि पेढीने तितकेच दागिने विकले, तर उलाढाल फुगते. परंतु पेढीने केलेली सेवा, म्हणजे माल आणणे, पारखणे, मांडणे व गिऱ्हाइकाला विकणे, होती तेवढीच असते. दोन सविस्तर पाहण्यांच्या मधल्या वर्षांत व्यापाराची वाढ जर उलाढालीवरून किंवा विक्रीकरावरून ताडली, तर सोन्याच्या भावातील तेजी ही व्यापाराची वाढ म्हणून नोंदली जाण्याचा धोका राहतो. सोन्याची खरेदी जेथे घरोघर होते अशा राज्यात हा धोका लहान नाही.

बँकेच्या सेवेचे माप त्याहून चमत्कारिक आहे. बँक आपल्या मुख्य सेवेची किंमत उघडपणे मागत नाही. ती ठेवीदाराला समजा सहा टक्के व्याज देते व कर्जदाराकडून दहा टक्के घेते. कोणतीही सेवा न देता केवळ पैसा वापरण्याचा दर आठ टक्के आहे असे मानले, तर ठेवीदाराने दोन टक्के व कर्जदाराने दोन टक्के एवढी किंमत मुकाट्याने मोजलेली असते. पैसा सुरक्षित ठेवणे, हिशेब राखणे, योग्य कर्जदार हुडकणे या सेवेचे ते मोल. हा मधला दर कोणता धरावयाचा हे संख्याशास्त्रज्ञ ठरवितात, आणि तो बदलला की ठेवीदार व कर्जदार यांच्या वाट्याला येणारी सेवाही बदलते. केरळात याला एक विशेष अर्थ आहे. आखाती देशांत राहणाऱ्या केरळीयांच्या ठेवी तेथील शाखांत मोठ्या प्रमाणावर जमा होतात, परंतु ठेवींच्या मानाने दिलेल्या कर्जांचे प्रमाण दीर्घकाळ देशाच्या सरासरीहून कमी राहिले आहे. शंभर रुपये ठेव केरळात ठेवली गेली व त्यातील चाळीस दुसऱ्या एखाद्या राज्यातील कारखानदाराला दिले गेले, तर ही सेवा कोणत्या राज्यात घडली? दोन्हीकडे थोडीथोडी, असेच म्हणावे लागते. प्रत्यक्षात बँकांचे मूल्यवर्धन अखिल भारताचे काढून ठेवी व कर्जे यांच्या प्रमाणात राज्यांवर वाटले जाते.

शिक्षिकेचे उत्पादन किती?

ज्या सेवेला बाजारात किंमतच नाही तिचे काय? शासकीय शाळा, सार्वजनिक रुग्णालय, पोलीस, तहसील कचेरी या ठिकाणी सेवा विकली जात नाही. म्हणून तेथे असा संकेत आहे की, सेवा पुरविण्यास जो खर्च आला तेच तिचे मूल्य. शिक्षिकेचा पगार व इमारतीची झीज मिळून शाळेचे मूल्यवर्धन होते. वेतन आयोगाने पगार वाढविले की चालू किंमतींनी मोजलेले शाळेचे 'उत्पादन' त्या वर्षी वाढते. मुले मात्र तीच, धडेही तेच.

या संकेताची खरी परीक्षा २०२० साली झाली. करोनाच्या साथीमुळे शाळा बंद पडल्या. केरळने त्या वर्षी जूनमध्ये 'फर्स्ट बेल' या नावाने व्हिक्टर्स या शैक्षणिक वाहिनीवरून पाठ सुरू केले. शिक्षकांचे पगार चालू होते. तेव्हा खर्चावरून मोजणाऱ्या हिशेबात शिक्षणसेवा जवळजवळ अबाधित दिसते. ब्रिटनमध्ये मात्र सर टोनी ॲटकिन्सन यांच्या २००५ सालच्या अहवालानंतर सार्वजनिक सेवांचे उत्पादन शक्य तेथे प्रत्यक्ष मोजण्याची पद्धत रूढ झाली होती: किती विद्यार्थी शिकले, किती शस्त्रक्रिया झाल्या, अशा मापांनी. परिणामी त्याच साथीत ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पादनातील घट इतर अनेक देशांहून अधिक दिसली, आणि तिचा काही भाग या मापनपद्धतीचा होता. आपत्ती एक, मोजपट्ट्या दोन.

ब्रिटिश पद्धत अधिक प्रामाणिक आहे असे वाटणे साहजिक आहे, आणि माझेही मत तिकडेच झुकते. तथापि तीही अडचणींतून मुक्त नाही. रुग्णालयाने अधिक रुग्ण तपासले हे चांगले की वाईट? २०२० सालच्या नमुना नोंदणीनुसार केरळात हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आतील ६ बालके दगावली. देशाची सरासरी २८ होती. या यशात लसीकरण, प्रसूतीपूर्व तपासणी व मातांचे शिक्षण यांचा मोठा भाग आहे. ज्या बालकाला आजारच झाला नाही, त्याने रुग्णालयाच्या नोंदवहीत भर घातली नाही. खर्चाच्या मापाने हे यश दिसत नाही, आणि रुग्णसंख्येच्या मापाने तर ते उलटे दिसते.

याच ठिकाणी आणखी एका सेवेचा उल्लेख केला पाहिजे. १९९३ साली कोळिकोड येथे असाध्य रोगाने पीडित असलेल्यांच्या वेदनाशमनासाठी एक संस्था निघाली, आणि पुढे त्या प्रयत्नातून गावोगाव स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. २००८ साली राज्य सरकारने त्याविषयी धोरणही जाहीर केले. स्वयंसेवक रुग्णाच्या घरी जातात, जखमा धुतात, कुटुंबाला धीर देतात. या कामाचा वेतनावर झालेला खर्च अल्प असल्यामुळे राज्याच्या उत्पन्नात त्याचे वजन नगण्य आहे. वृद्ध पित्याची शुश्रूषा मुलीने केली तर तेही हिशेबाबाहेर. त्याच घरात पगारी परिचारिका ठेवली तर मात्र तिचा पगार उत्पन्नात जमा होतो. २०११ च्या जनगणनेत केरळच्या लोकसंख्येपैकी साडेबारा टक्क्यांच्या वर माणसे साठ वर्षांवरील होती व तरुण पिढी परदेशी जात होती. अशा समाजात शुश्रूषा घरातून बाजारात आली की सेवाक्षेत्र 'वाढले' असे दिसते. त्यातील काही वाढ खरी, काही केवळ जागा बदललेली.

सेवा घडली कोठे?

आतापर्यंतच्या अडचणी संपूर्ण देशाच्या मोजणीतही येतात. एका प्रदेशापुरते मोजावयाचे म्हटले की त्यात एक नवी अडचण मिसळते. देशाच्या सीमेवर जकात नाके आहेत, आयात-निर्यातीच्या नोंदी आहेत; राज्यांच्या सीमांवरून सेवा बिनबोभाट ये-जा करतात.

राज्याच्या उत्पन्नाचा नियम असा आहे की, जेथे उत्पादन घडते तेथे ते मोजावयाचे. उत्पन्न अखेरीस कोणाच्या खिशात जाते हे पाहावयाचे नाही. केरळची परिचारिका कोचीला काम करीत असेल तर तिची सेवा केरळची, मुंबईच्या रुग्णालयात असेल तर महाराष्ट्राची, मस्कतला असेल तर ओमानची. तिने घरी पाठविलेले पैसे केरळच्या उत्पन्नात थेट येत नाहीत. तिरुवनंतपुरमच्या 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज' या संस्थेने १९९८ पासून केरळच्या स्थलांतराच्या ज्या पाहण्या चालविल्या, त्यांपैकी २०१४ च्या पाहणीत परदेशांहून येणारी रक्कम राज्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या एकतृतीयांशाहून अधिक भरली. एवढा मोठा ओघ उत्पन्नाच्या आकड्याबाहेर राहतो. पण त्या पैशातून बांधलेले घर, घेतलेले दागिने, मुलांच्या खाजगी शाळेची फी, यांतून दुकानदार, गवंडी व शिक्षक यांना जे मिळते ते आकड्यात येते. केरळचे सेवाक्षेत्र एवढे मोठे का, याचे निम्मे उत्तर या ओघात आहे. आणि तो ओघ स्वतः मात्र हिशेबाच्या पानावर कोठेच दिसत नाही.

रेल्वेचे उदाहरण घ्या. नेत्रावती एक्सप्रेस तिरुवनंतपुरमहून निघून कोकण रेल्वेने कर्नाटक, गोवा ओलांडीत मुंबईला पोचते. तिकीट कोचीला काढले असेल, डबे दुसरीकडे दुरुस्त होत असतील, दक्षिण रेल्वेची मुख्य कचेरी तर चेन्नईला आहे. या प्रवासाची सेवा नेमकी कोणत्या राज्यात घडली याचे 'खरे' उत्तर अस्तित्वातच नाही. म्हणून रेल्वे, टपाल, बँका, विमा व केंद्रीय प्रशासन यांना 'राज्यातीत' विभाग मानून त्यांचे मूल्यवर्धन दिल्लीत एकत्र काढले जाते व ठरीव निदर्शकांनुसार राज्यांना वाटून दिले जाते. हे मोजमाप नव्हे, वाटणी होय. वाटणी न्याय्य असू शकते, परंतु तिच्यावरून 'यंदा केरळातील रेल्वेसेवेची कामगिरी सुधारली' असा निष्कर्ष काढता येत नाही. देशाची रेल्वे सुधारली की प्रत्येक राज्याच्या रकान्यात थोडी सुधारणा आपोआप उमटते.

खाजगी कंपन्यांच्या बाबतीतही असेच घडते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या मालिकेत कंपन्यांचे उत्पन्न त्यांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे दाखल केलेल्या ताळेबंदांवरून काढले गेले. ताळेबंद सबंध कंपनीचा असतो. मुंबईत किंवा बंगळूरला नोंदलेल्या कंपनीचे किती काम तिरुवनंतपुरमच्या टेक्नोपार्कमध्ये झाले हे त्यात लिहिलेले नसते. टेक्नोपार्क १९९० पासूनचे, कोचीचे इन्फोपार्क २००४ पासूनचे. तेथील संगणकतज्ज्ञ आपल्या टेबलाशी बसून परदेशातील ग्राहकाचे काम करतात, आणि ते काम कोणत्या राज्याचे हे पुन्हा निदर्शकांवरूनच ठरवावे लागते. शिवाय ताळेबंदांची यादीही निर्दोष नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१६-१७ मध्ये सेवाव्यवसायांची खास पाहणी केली व तिचा अहवाल २०१९ साली आला. यादीतील कंपन्यांकडे पाहणीदार प्रत्यक्ष गेले, तेव्हा सुमारे एकतृतीयांश कंपन्या एकतर पत्त्यावर सापडल्या नाहीत, किंवा नोंदीपेक्षा वेगळाच व्यवसाय करताना आढळल्या. एकूण राष्ट्रीय उत्पन्नाला यामुळे बाध येत नाही असा खुलासा सरकारने केला. तो मानला तरी, जी कंपनी नोंदीत सेवेची आहे व प्रत्यक्षात दुसराच धंदा करते, तिच्यामुळे क्षेत्राक्षेत्रांची वाटणी बिघडणारच.

अलप्पुळाची नौका

पर्यटनाची गोष्ट वेगळी. अलप्पुळाच्या पाणथळ कालव्यांतून पूर्वी भात व इतर माल वाहून नेणारी केट्टुवळ्ळम नावाची होडी आज प्रवाशांच्या निवासाची नौका झाली आहे. एक कुटुंब तीवर रात्रभर राहिले, तर राहण्याचा भाग हॉटेल-व्यवसायात, जलप्रवास वाहतुकीत, विमानतळापासूनची मोटार पुन्हा वाहतुकीत, वाटेत घेतलेले मसाले व्यापारात, आणि संध्याकाळी पाहिलेला कथकलीचा प्रयोग करमणुकीच्या सेवांत जातो. 'पर्यटन' नावाचा रकाना राष्ट्रीय हिशेबात नाही. तो हवा असेल तर या सर्व रकान्यांतून प्रवाशांनी केलेला खर्च वेचून काढून निराळे जोडलेखे तयार करावे लागते.

तेवढा खटाटोप दरवर्षी शक्य नसल्यामुळे लोक पर्यटकांची संख्या पाहतात. केरळात २०१९ साली सुमारे १ कोटी ८४ लाख देशी व ११ लाख ९० हजार विदेशी पर्यटक आले. २०२० साली हे आकडे सुमारे ५० लाख व ३ लाख ४० हजार इतके खाली आले. एवढी प्रचंड घसरण कोणत्याही मापाने लपली नसती. पण सामान्य वर्षांत ही संख्या फसवी ठरते. मुन्नारला एक रात्र काढून घाईने परतणारा आणि आयुर्वेदिक उपचारांसाठी तीन आठवडे राहणारा, दोघेही 'एक पर्यटक'च.

त्या कथकलीच्या प्रयोगावरून एक जुना प्रश्न आठवतो. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की, कारखान्यात यंत्रामुळे दर माणशी उत्पादन वाढत जाते, परंतु चौघा वादकांनी वाजवावयाच्या रचनेला शंभर वर्षांनंतरही चौघेच वादक व तितकाच वेळ लागतो. पारंपरिक कथकली रात्रभर चालते; नट व वादक कमी करून तिची 'उत्पादकता' वाढविता येत नाही. तरी कलावंतांना इतरांच्या बरोबरीने जगावयाचे तर त्यांचे मानधन वाढलेच पाहिजे. म्हणून शिक्षण, शुश्रूषा व कला या सेवा इतर वस्तूंच्या मानाने सतत महाग होत जातात. सेवाक्षेत्राचा वाटा वाढताना दिसतो त्यातील काही भाग याच महागाईचा असतो.

ही महागाई वेगळी काढण्यासाठी उत्पन्न 'स्थिर किंमतींनी' सांगितले जाते. चालू वर्षाच्या रकमेला किंमतींच्या निर्देशांकाने भागले की खरी वाढ उरते, असा हिशेब आहे. सेवांसाठी उत्पादकांच्या किंमतींचे स्वतंत्र व परिपूर्ण निर्देशांक आपल्याकडे नसल्यामुळे अनेक सेवांना ग्राहकांच्या किंमतींचा निर्देशांकच लावावा लागला आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वी रुग्ण कित्येक दिवस खाटेवर पडून राही. आता तो बहुधा त्याच दिवशी घरी जातो. बिल दुप्पट झाले असेल तर त्यात भाववाढ किती व सुधारलेली सेवा किती, हे निर्देशांकाला कळण्याचा मार्ग नाही.

लहान दुकाने व मधली वर्षे

चहावाला, रिक्षावाला, शिंपी, शिकवणी घेणारा, केशकर्तनालयाचा मालक हे कोणाकडेही ताळेबंद दाखल करीत नाहीत. यांची मोजणी नमुना पाहणीने होते. पूर्वी अशा पाहण्या काही वर्षांच्या अंतराने होत: २०१०-११, मग २०१५-१६. मधल्या काळात पायाभूत वर्षाचा आकडा कोणत्या तरी निदर्शकाने पुढे ढकलला जाई. २०१६ च्या नोटाबंदीने किंवा २०१८ च्या ऑगस्टातील महापुराने कोट्टयम-अलप्पुळातील लहान दुकानांचे काय झाले, हे अशा पद्धतीत त्याच वर्षी उमटणे कठीण. संघटित व्यवसायांच्या कर-नोंदींवरून असंघटितांची वाढ ताडली, तर मोठ्या दुकानाने लहान दुकानाचे गिऱ्हाईक ओढून नेले असता दोन्ही वाढल्यासारखी दिसतात. २०२१-२२ पासून असंघटित बिगरशेती व्यवसायांची वार्षिक पाहणी सुरू झाली, ही मोठी सुधारणा होय.

याहून जलद माहिती हवी असणारे एक निराळेच साधन वापरतात. शंभर सेवाकंपन्यांना एवढेच विचारावयाचे की, मागील महिन्याहून काम वाढले, तेवढेच राहिले की घटले? चाळीस म्हणाल्या वाढले, पस्तीस म्हणाल्या तेवढेच, पंचवीस म्हणाल्या घटले. तर चाळीस अधिक पस्तिसाचे निम्मे मिळून साडेसत्तावन्न हा निर्देशांक. पन्नासाच्या वर गेला की विस्तार, खाली आला की आकुंचन. असे निर्देशांक देशासाठी दरमहा प्रसिद्ध होतात व वर्तमानपत्रे ते आवडीने छापतात. पण काम वाढले म्हणणाऱ्याचे ते किती वाढले, हे त्यात नसते. आणि एका राज्यापुरते पाहू गेल्यास नमुन्यात इतक्या थोड्या कंपन्या उरतात की दोनचार उत्तरांनी निर्देशांक उडी मारतो.

आता वित्त आयोगाकडे परत जाऊ. दहाव्या आयोगाने १९९५ ते २००० या काळासाठी केरळला राज्यांच्या वाट्यातील ३.८७५ टक्के दिले होते, पंधराव्याने १.९२५ टक्के दिले. या घसरणीत केरळने लोकसंख्येची वाढ लवकर आटोक्यात आणली याचाही मोठा हात आहे, आणि केवळ उत्पन्नाच्या मापाला दोष देणे योग्य होणार नाही. परंतु ज्या उत्पन्नाच्या बळावर केरळ 'पुढारलेले' ठरते, त्याचा साठ टक्क्यांहून मोठा भाग सेवांचा आहे. त्यातील शिक्षण व प्रशासन खर्चावरून, बँका व रेल्वे वाटणीवरून, लहान व्यापार पाहणी व अनुमान यांवरून आलेला. भात पिकविणाऱ्या राज्याचा आकडा आणि सेवा देणाऱ्या राज्याचा आकडा एकाच रकान्यात शेजारी शेजारी छापले जातात. दोहोंतील चुकीची शक्यता मात्र सारखी नसते. वाटपाच्या सूत्रात या फरकाला जागा नाही. माझ्या मते निदान राज्याच्या उत्पन्नाच्या तक्त्यात प्रत्यक्ष मोजलेला भाग व वाटून दिलेला भाग हे निरनिराळे दाखविले जावेत. त्याला नवी पाहणी लागत नाही, केवळ एक रकाना अधिक लागतो.

२०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहण्यांची आखणी जिल्हा हा मूळ घटक धरून होऊ लागली आहे. म्हणजे यापुढे एर्नाकुळम व वायनाड यांच्या सेवाव्यवसायांचे आकडे निरनिराळे मागितले जातील, आणि राज्याच्या सीमेवर उभा असलेला प्रश्न आता जिल्ह्याच्या सीमेवर येऊन ठेपेल. नेडुंबाशेरीच्या विमानतळावरून मुन्नारला जाणारी भाड्याची मोटार एर्नाकुळम जिल्ह्यात निघते व इडुक्की जिल्ह्यातील घाट चढून थांबते. तिच्या चालकाची त्या दिवसाची कमाई कोणत्या जिल्ह्याच्या नावे लिहावयाची, हे ठरविण्याचे काम आता जिल्ह्याच्या सांख्यिकी कचेरीकडे येणार आहे.